स्क्रू ढिला झाला म्हणून अजून जोरात आवळायचा का?

नमस्कार सर,

दाताच्या जागी हाडात बसवलेला इम्प्लांट आणि त्यावर कॅप धरणारा खुंट, म्हणजे ॲबटमेंट, हे दोन्ही एका छोट्या स्क्रूने जोडतात. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की एकट्या दाढेसाठी कोनिकल जोडणी (ॲबटमेंट इम्प्लांटच्या आतल्या निमुळत्या खळग्यात बसतो) एक्स्टर्नल हेक्सपेक्षा (ॲबटमेंट इम्प्लांटच्या माथ्यावरच्या षटकोनी उंचवट्यावर बसतो) भरवशाची. हयात यंत्रांच्या देखभालीत घालवलेल्या तुम्हाला ते कंपनीचं माहितीपत्रक वाटलं. हेक्सवाले असंख्य इम्प्लांट आजही ठणठणीत आहेत आणि स्क्रू ढिला होतो तो डॉक्टर नीट आवळत नाहीत म्हणून, असं तुमचं म्हणणं. त्यात वहिनींच्या खालच्या दाढेची कॅप दोनदा हलली, म्हणजे राग समजण्यासारखा आहे.

हेक्स चालतात, पण कुठे ते बघा. ब्रोनमार्क या जुन्या इम्प्लांट पद्धतीतला तो ०.७ मिमी उंचीचा षटकोन मुळात इम्प्लांट हाडात फिरवत नेण्यासाठी होता. वरून अख्ख्या जबड्याचा ब्रिज पाच-सहा इम्प्लांटना एकत्र बांधून ठेवायचा, त्यामुळे एकट्याने फिरायचा प्रश्नच नव्हता. पुढे तेवढ्याशाच उंचवट्यावर एकेकटी दाढ उभी राहिली आणि स्क्रू ढिले व्हायच्या तक्रारी वाढल्या. ब्रिजसाठी मी आजही हेक्सला नाक मुरडत नाही.

आता आवळण्याचं. बोल्ट जोडणी धरून ठेवतो ती ताणला जातो म्हणून, हे तुम्हाला मी काय सांगणार! इथे तो बोल्ट जेमतेम २ मिमी जाडीचा. बऱ्याच कंपन्या ३० ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर टॉर्क (आवळण्याचा पीळ) सांगतात आणि त्यातला मोठा हिस्सा डोक्याखालच्या व आट्यांमधल्या घर्षणातच खर्ची पडतो. वर आट्यांवरचे सूक्ष्म उंचवटे दबले की मिळालेला ताणही थोडा उतरतो. म्हणून आम्ही दहाएक मिनिटं थांबून त्याच टॉर्कला पुन्हा एकदा आवळतो. ही पायरी घाईत गाळली जाते, तिथे तुमचा डॉक्टरांवरचा आरोप मला मान्य आहे. पण ५० ला आवळून प्रश्न सुटत नाही. स्क्रू कायमचा लांबतो आणि मग कधीतरी आतच तुटतो. तो तुकडा बाहेर काढणं म्हणजे काय असतं, ते एकदा माझ्या खुर्चीशेजारी उभं राहून बघा.

खरा शत्रू तिरका भार. फ्रँकफर्टच्या झिप्रिख यांच्या गटाने २००७ मध्ये एक्स-रेखाली जोडण्यांवर असा भार देऊन चित्रफिती काढल्या. हेक्ससारख्या सपाट बैठकीच्या जोडण्या भार आला की एका कडेने उघडतात आणि भार गेला की मिटतात. हा सगळा हेलकावा स्क्रू सोसतो. कोनिकल जोडणीत ॲबटमेंटची भिंतच इम्प्लांटच्या भिंतीला टेकते, स्क्रूच्या वाट्याला कमी येतं.

जाहिरातीबद्दल मात्र तुमचा संशय रास्त आहे. लेथच्या मोर्स टेपरचा, म्हणजे घर्षणानेच घट्ट पकडणाऱ्या निमुळत्या सांध्याचा, कोन एका बाजूने दीड अंशाच्या आसपास. दातांत तेवढा निमुळता कोन बायकॉनसारख्या पद्धतीत आहे आणि तिथे स्क्रूच लागत नाही. स्ट्रॉमन कंपनीच्या जोडणीचा जुना कोन ८ अंशांचा, ॲस्ट्राचा ११. त्यांना स्क्रू लागतोच, तरी पत्रकांवर मोर्स टेपर छापलेलं सापडतं. शिवाय कोनिकल जोडणी भार नाहीसा करत नाही, तो इम्प्लांटच्या भिंतीकडे सरकवते. बारीक व्यासाच्या इम्प्लांटमध्ये ती भिंत इतकी पातळ राहते की दाढेच्या जागी तो घालायला माझा हात धजत नाही. स्क्रू तुटला तर बहुतेक वेळा बदलता येतो. इम्प्लांट चिरला तर हाड कोरून काढावा लागतो.

कंपन्या दाखवतात ती आयएसओ १४८०१ ची, म्हणजे इम्प्लांट वारंवार भाराने किती टिकतो याची प्रमाणित चाचणी ३० अंशांच्या तिरक्या भाराने होते, ३ मिमी हाड झिजल्याचं गृहीत धरून, कोरड्यात ५० लाख आवर्तनं. चाचणी कडक आहे, पण रात्री दात खाणारा जबडा तिच्यात नाही. आणि प्रत्यक्षात? २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकेकट्या इम्प्लांट-कॅपवरच्या मोठ्या आढाव्यात पाच वर्षांत स्क्रू ढिला होण्याचं प्रमाण ८.८ टक्के निघालं. म्हणजे वहिनींची गत काही जगावेगळी नाही.

दोनदा ढिला झाल्यावर मात्र नुसतं आवळून घरी यायचं नाही. जोडणीला काटकोनात घेतलेला एक्स-रे मागा. ॲबटमेंट पूर्ण बसलं नसेल तर सांध्यात बारीक काळी रेघ दिसते. चावा तपासून घ्या, कारण कॅपचा एखादा उंचवटा बाजूला सरकताना समोरच्या दाताला घासत असेल तर कोणताही स्क्रू टिकणार नाही. जुना स्क्रू परत लावू देऊ नका. आणि फाइलमधलं इम्प्लांटचं स्टिकर मागून घ्या, नवा स्क्रू त्याच कंपनीचा, त्याच मापाचा हवा. 'हापण बसतो' म्हणून दुसरा लावतात, तो बसतोही, पण डोक्याखालची बैठक किंचित वेगळी असली तरी ३५ चा टॉर्क देऊनही हवा तो ताण मिळत नाही.