तीन दिवसांच्या फीबद्दल: तुमच्या एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार मॅडम,

आमच्या पाळणाघराबद्दलचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. आधी माफी मागते. मुलीचं नाव काढायचं होतं तेव्हा तुम्ही दोनदा फोन केलात, तो कुणी उचलला नाही, आणि मेसेजला उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. ते चुकलंच. शेवटच्या दिवशी दारात मी जरा तोडून बोलले, त्याबद्दलही मनापासून सॉरी.

पण "तीन दिवस मूल ठेवतात आणि फी जवळजवळ पूर्ण आठवड्याची उकळतात, सरळ लूट आहे" हे जे लिहिलंत, ते काही केल्या पचत नाही. अकरा वर्षं हे काम करतेय. चुका दाखवणारे पालक भेटले, भांडणारेही भेटले, पण लूट हा शब्द आजवर कुणी वापरला नव्हता.

आधी आकडा नीट सांगते, कारण हे वाचणारे बाकीचे पालक "जवळजवळ पूर्ण" म्हणजे 90-95 टक्के धरून चालतील. आम्ही तीन दिवसांसाठी पूर्ण फीच्या 70 टक्के घेतो. पाचातले तीन दिवस म्हणजे हिशेबाने 60 टक्के. आपला वाद आहे तो त्या वरच्या 10 टक्क्यांचा.

आता ते 10 टक्के कुठे जातात ते. आमच्याकडे 20 मुलांची जागा आहे आणि दोन-अडीच वर्षांच्या पाच मुलांमागे एक ताई, म्हणजे चार ताया. या वयात याच्यावर मुलं घेतली की एकीचे कपडे बदलेपर्यंत दुसरा खुर्चीवर चढलेला असतो, म्हणून तिथे मी तडजोड करत नाही. सध्या 13 मुलं रोज येतात. सात मुलं सोमवार-बुधवार-शुक्रवार येतात, त्यांत तुमची मुलगी होती. पार्ट टाइम मागणाऱ्या बहुतेकांना हेच तीन दिवस हवे असतात. मंगळवार-गुरुवारसाठी मला फक्त दोन मुलं मिळाली. म्हणजे त्या दोन दिवशी पाच जागा रिकाम्या. तुमच्या मुलीच्या जागेला जोडी जमली नव्हती. 70 टक्के तुमच्याकडून आले, उरलेले 30 टक्के आमच्याच अंगावर पडले.

तुम्ही प्रवेशाच्या वेळी विचारलं होतंत, मुलं कमी असतील त्या दिवशी एका ताईला बोलवू नका, पगार वाचेल. मी तेव्हा हसून विषय बदलला, खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. चांगली ताई तीन दिवसांच्या पगारावर टिकत नाही. ती गेली की नवीन येते, आणि मुलांना नव्या चेहऱ्याची सवय पुन्हा पहिल्यापासून. भाडं तर मंगळवार बघत नाही. मारिया माँटेसरींनी 1907 साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिलं 'मुलांचं घर' काढलं, तेही दिवसभर कामाला जाणाऱ्या आईवडिलांच्या मुलांसाठीच. तिथे जागा इमारतवाल्या संस्थेने दिली होती. आम्हाला कुणी दिलेली नाही.

आणखी एक. तुम्ही चार वेळा "या आठवड्यात बुधवारऐवजी गुरुवारी आणते" म्हणालात आणि चारही वेळा आम्ही हो म्हटलं, एक पैसा जास्त न घेता. बुधवारची जागा मात्र तुमच्याच नावावर होती, ती दुसऱ्या कुणाला देता आली नाही. रिव्ह्यूमध्ये याचा एक शब्द असता तरी मला बरं वाटलं असतं.

"मूल रडतं तरी बघत नाहीत" असंही लिहिलंय. पहिल्या महिन्यात ती सोमवारी जास्त रडायची, हे खरं आहे. मधे दिवस सुटले की मुलांना रुळायला जास्त वेळ लागतो, अर्धवेळ मुलांच्या पालकांना हे आम्ही आधीच सांगतो. पण बघत नाहीत? रोज सकाळी ती चपलांच्या रॅकपाशी बसायची, डावा मोजा काढून मुठीत घट्ट धरून. आमची ताई शेजारी जमिनीवर बसायची, काही न बोलता. वीस-पंचवीस मिनिटांनी ती मोजा ताईच्या हातात द्यायची आणि आत पळायची. ताईने काल तुमचा रिव्ह्यू वाचला आणि फोन बाजूला ठेवून मुलांची ताटं पुसत बसली. मला त्याचं जास्त लागलं.

परवडणं हा खरा प्रश्न आहे, मला मान्य आहे. माझी स्वतःची मुलगी लहान असताना मीही अशीच दारोदार विचारत फिरले होते. जे पालक शोधात आहेत त्यांना सांगते, पूर्ण वेळाचे तीन दिवस घेण्यापेक्षा रोज फक्त सकाळचे तीन तास बहुतेक वेळा स्वस्त पडतात, कारण झोप, जेवण आणि दुपारची ताई त्यात धरावी लागत नाही. उलटे दिवस हवे असलेलं दुसरं कुटुंब तुम्हीच शोधून आणलंत तर जागा वाटून घेता येते, आणि मग 60 टक्क्यांवर यायला मला काहीच अडचण नाही. फी विचारताना सुट्ट्यांचे पैसे कापतात का, दिवस बदलून मिळतो का आणि एका ताईकडे किती मुलं, हेही विचारा. जिथे फी फारच कमी आहे तिथे शेवटचा प्रश्न आधी विचारा.

तुमच्या रिव्ह्यूनंतर दोन पालकांनी ठरलेली भेट रद्द केली. चार तायांचे पगार याच फीमधून निघतात, म्हणून इतकं लांबलचक लिहिलं, राग मानू नका. फीचा तक्ता अर्जातच नीट छापायचा विचार आहे, फोनचंही काहीतरी करतो.

या महिन्याचे उरलेले दिवस धरून अनामत रक्कम शुक्रवारपर्यंत परत करते. तिचा रंगकामाचा अ‍ॅप्रन आणि एक डावा मोजा कपाटात आहे, धुऊन ठेवलाय. सकाळी कधीही या.