जिप्सीच्या टेंपरेचर मीटरबद्दल आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. आम्ही बसवलेला मीटर हेडलाइट लावला की ९० वरून थेट ११० वर जातो, त्या धास्तीने आंबा घाटात मुलाबाळांना घेऊन तासभर बॉनेट उघडून थांबावं लागलं, होज पाइपच्या जोडावर कूलंट झिरपतंय, आणि हे सगळं टेफ्लॉन टेप न लावल्यामुळे झालं, असं तुम्ही लिहिलंय.

काटा उडतो तो दोष आमचाच. मनापासून माफी मागतो. काम केलेल्या पोराला विचारलं. मीटरची काळी, म्हणजे अर्थिंगची वायर त्याने डॅशबोर्डखालच्या रंगवलेल्या स्क्रूला जोडली होती, आणि लाइटची अर्थिंगही तिथेच आहे. रंगावर अर्थिंग पक्की बसत नाही. हेडलाइटचा करंट तिथून गेला की मीटरचा हिशेबच चुकतो. इंजिन तेवढंच गरम, पण आकडा चढतो. गाडी देण्याआधी हेडलाइट, वायपर, पंखा चालू करून काटा बघायचा असतो. ते मी त्या दिवशी बघितलं नाही.

गळतीचं म्हणाल तर, नवी क्लिप इंजिन एकदा तापून गार झालं की जराशी ढिली पडते, ती परत आवळावी लागते. दोन दिवसांनी चक्कर मारा, एवढं सांगायचंही राहिलं.

टेपचं मात्र तसं नाही. तुमचा सेन्सर एका वायरचा आहे, त्याला अर्थिंग आट्यांतूनच मिळते. सेन्सर ज्यात आवळलाय तो धातूचा जोड, म्हणजे अॅडॉप्टर, दोन्हीकडून रबरी पाइपात असल्यामुळे त्याला इंजिनपर्यंत वेगळी वायर दिली आहे. आट्यांवर टेप गुंडाळला तर अर्थिंग अडू शकते आणि मीटर खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवतो. घाटात इंजिन उकळायला आलंय आणि काटा ८० वर, हे मला तुमच्या गाडीत नको आहे. म्हणून टेप मुद्दाम लावला नाही.

कधीही या, अपॉइंटमेंट नको. स्क्रूखालचा रंग चकाकता पत्रा दिसेपर्यंत खरवडत बसण्यापेक्षा मीटरची अर्थिंग सरळ बॅटरीच्या निगेटिव्हवर घेतो. मग सेन्सर काढून, त्याला अर्थिंगची वायर जोडून तुमच्यासमोर उकळत्या पाण्यात धरू. आपल्या कोल्हापुरात पाणी ९८ च्या आसपास उकळतं. काटा तिथे आला पाहिजे. नाही आला तर सेन्सर बदलून देतो. आधीची मजुरी मात्र परत घेऊन जा, ती मी वेगळी काढून ठेवली आहे.