ताज्या फळाचा गर घातलेले बिस्किट ट्रफल महिनाभर टिकत नाहीत

सध्या एक कृती घराघरांतल्या ग्रुपवर फिरते आहे: "मारी बिस्किटांचा चुरा करा, आवडत्या फळाचा ताजा गर घाला, गोळे वळून वितळलेल्या चॉकलेटात बुडवा. ओव्हन नको. चॉकलेट घट्ट झालं तर चमचाभर पाणी घाला. डब्यात महिनाभर टिकतात."

ओव्हन नको, हे खरं. बिस्किटं आधीच भाजलेली असतात, म्हणून त्यांचा चुरा तसाच खाता येतो. पण कुणी बिस्किटांऐवजी कच्चा मैदा वापरायला सांगितलं तर ते ऐकू नका. मैदा कच्चा खायचा नसतो.

आता ताजा गर. खरी चूक इथे आहे. स्ट्रॉबेरीत सुमारे नव्वद टक्के पाणी असतं, आंब्यात ऐंशीच्या वर. शंभर ग्रॅम स्ट्रॉबेरी घातली म्हणजे चुऱ्यात नव्वद ग्रॅम पाणी ओतलं. मागच्या वर्षी मुलीच्या वाढदिवसाला मी याच कृतीने महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे गोळे केले. पहिल्या दिवशी सुरेख दिसले. तिसऱ्या दिवशी प्रत्येक गोळ्याच्या बुडाशी गुलाबी पाण्याचा थेंब होता, आणि फोडल्यावर आंबूस वास. सगळे टाकून दिले. वरून बुरशीचा ठिपकाही नव्हता, आणि तेच जास्त काळजीचं आहे. चॉकलेटच्या कवचाआड ओलं सारण बिघडलेलं दिसत नाही.

फळ घालायचंच, पण पाणी काढून. कोकणात मे महिन्यात रस आटवतात, आंबापोळी वाळवतात, ते याचसाठी. जाड बुडाच्या कढईत तीनशे ग्रॅम आमरस मंद आचेवर सतत ढवळत शंभर ग्रॅमवर आणा. उलथनं ओढल्यावर कढईचा तळ दिसला पाहिजे आणि ती रेघ लगेच बुजता कामा नये. पूर्ण गार झाल्यावर दोनशे ग्रॅम चुरा आणि दोन चमचे कंडेन्स्ड मिल्क घालून मळा. गोळा हाताला चिकटला तर आणखी चुरा घाला. स्ट्रॉबेरीसाठी फ्रीझ-ड्राय (गोठवून वाळवलेल्या फळाची) पूड सगळ्यात बरी. संत्र्याचा रस घालूच नका. सोलण्याआधी संत्रं धुऊन वरची केशरी साल किसा. मुख्य सुगंध तिथेच असतो. पांढरा भाग आला की कडू लागतं.

चॉकलेटात चमचाभर पाणी? अजिबात नाही. थोडंसं पाणी लागलं की त्यातली साखर आणि कोको गोळा होतात आणि पातळ होण्याऐवजी त्याचा खरखरीत लगदा होतो. डबल बॉयलरची (गरम पाण्याच्या भांड्यावर दुसरं भांडं ठेवून वितळवण्याची रीत) वाफ भांड्यात उतरली तरी हेच होतं, म्हणून वरचं भांडं कोरडं हवं आणि खालच्या पाण्याला टेकता कामा नये. पातळ करायचं तर चमचाभर खाण्याचं खोबरेल किंवा वास नसलेलं तेल. लगदा झालाच तर फेकू नका. गरम दूध थोडं थोडं घालून घोटा, छान सॉस होतो. मात्र त्याचं कवच बसणार नाही.

घरी पहिल्यांदा करत असाल तर कंपाउंड चॉकलेट घ्या. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते, त्यामुळे टेंपरिंग, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांना गरम-गार करणं, लागत नाही. खऱ्या डार्क चॉकलेटला ४५-५० अंशांवर वितळवून सुमारे २८ पर्यंत उतरवावं लागतं, मग ३१-३२ वर काम करायचं. तापमापक नसेल तर हे चुकू शकतं आणि चॉकलेट पांढुरकं पडतं.

आणि महिनाभर टिकण्याचं काय? आटवलेल्या आंब्याचे ट्रफल मी फ्रीजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते आणि चार-पाच दिवसांत संपवते. ताजा गर घातला असेल तर त्याच दिवशी खा, तेही फ्रीजमध्ये ठेवलेले. उन्हाळ्यात हे बाहेर ठेवायचे पदार्थच नाहीत. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आणि विदर्भातल्या मे महिन्यात घरातलं तापमानही तिथवर जातं.

कवचाला तडे जातात म्हणून फळाला दोष देतात, त्यात फळाचा दोष नसतो. फ्रीजमधून काढलेला गारढोण गोळा तसाच बुडवला की तो नंतर गरम होताना फुगतो आणि कवच फुटतं. बुडवण्याआधी दहा मिनिटं बाहेर ठेवा.