डॉट-गिट फोल्डर उडवू नका, हात जोडून सांगतोय

काल रात्री मामेबहिणीचा फोन आला, आवाज रडवेला. लाईट गेली, पीसी धाडकन बंद, आणि परत चालू केल्यावर गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर) म्हणतंय ऑब्जेक्ट फाईल, म्हणजे ज्यात ते आपला डेटा साठवतं ती, रिकामी आहे. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट, तीन आठवड्यांचे कमिट (गिटमध्ये नोंदवलेले बदल) सर्व्हरवर पुशच केलेले नाहीत. त्यात कॉलेजच्या ग्रुपवर तो मेसेज, जो मी आधीही पाहिलाय: 'रेपो करप्ट? डॉट-गिट डिलीट करा, गिट इनिट मारा, झालं. किंवा परत क्लोन करा. एफएसके चालवलं की आपोआप रिपेअर होतं. रीसेट हार्डने गेलेला कमिट परत येत नाही.' ती डिलीट करणारच होती.

अरे, डॉट-गिट म्हणजेच रेपो, प्रोजेक्टचा अख्खा इतिहास! सगळे कमिट, ब्रँच (कामाच्या शाखा), स्टॅश (बाजूला ठेवलेले अर्धवट बदल), रिफ्लॉग (ब्रँच आधी कोणत्या कमिटवर होती त्याची नोंदवही) त्यातच असतं. ते उडवून इनिट केलं, म्हणजे नवा रिकामा रेपो बनवला, की एरर जाते कारण इतिहासच जातो, याला दुरुस्ती म्हणतात का? तिची फक्त एक फाईल रिकामी झाली होती हो, एक! आधी अख्ख्या फोल्डरची कॉपी काढायला लावली, मग ती रिकामी ऑब्जेक्ट फाईल बाजूला हलवली, एफएसके (गिटची तपासणीची कमांड) चालवलं तर एक ब्लॉब, म्हणजे एका फाईलचा साठवलेला मजकूर, मिसिंग. गिटमध्ये ऑब्जेक्टचं नाव मजकुरावरूनच ठरतं, म्हणजे तोच मजकूर परत दिला की तेच नाव येणार. त्या दिवशी बदललेल्या फाईल्सवर एकेक करून हॅश-ऑब्जेक्ट (मजकुरावरून ते नाव काढणारी कमांड) चालवलं, चौथ्या फाईलला हरवलेल्या ब्लॉबच्या नावाची तीच ४० अक्षरं (हॅश) आली, मग डॅश डब्ल्यू (ऑब्जेक्ट लिहूनही ठेव, असा पर्याय) लावून परत चालवलं आणि ब्लॉब जागेवर. ही काही माझी आयडिया नाही, गिट बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने स्वतः सांगितलेली पद्धत आहे, गिटच्या डॉक्युमेंटेशनमध्ये आजही आहे, वाचा की जरा.

आणि एफएसके रिपेअर करत नाही. ते फक्त तपासतं आणि काय तुटलंय ते सांगतं.

परत क्लोनचं, म्हणजे सर्व्हरवरून नवी कॉपी उतरवण्याचं म्हणाल तर, ठीक आहे, सगळं पुश केलेलं असेल आणि स्टॅशमध्ये काही नसेल तर खुशाल करा, सगळ्यात सोपं तेच. पण जुनं फोल्डर तसंच ठेवून, शेजारी.

रीसेट हार्डचं (सगळं टाकून ठराविक कमिटवर परत जाणारी कमांड) अर्धंच खरं. कमिट न केलेले बदल जातात, पण कमिट केलेलं असेल तर डिफॉल्ट सेटिंगला निदान ३० दिवस रिफ्लॉगमध्ये सापडतं, तिथला हॅश घ्या आणि त्यावरून नवी ब्रँच काढा.