श्रीमंत देशात गरिबी कशी टिकवावी

लेकीकडे न्यू जर्सीला सहा महिने राहून आलं की माणसाला दोन गोष्टी होतात. वजन वाढतं आणि सल्ले द्यायची खाज सुटते. वजनाचं डॉक्टर बघताहेत. सल्ला तुम्ही ऐकून घ्या.

आपला देश लवकरच श्रीमंत होणार, असं तुम्ही रोज ऐकता. होवो बापडा. पण श्रीमंत झाल्यावर गरिबीचं काय करायचं, याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. पैसा आला की गरिबी आपोआप जाते, असं लोक धरून चालतात. शुद्ध भाबडेपणा. घरात पैसा खेळत असताना गरिबी टिकवायची म्हणजे फार निगराणी लागते, बरणीतल्या लोणच्यासारखी. अमेरिकेने ती ठेवली आहे. आणि मी ३१ वर्षं तहसील कचेरीत, त्यातली निम्मी पुरवठा शाखेत काढलेली. पिवळं, केशरी, पांढरं, सगळी रेशनकार्डं हाताखालून गेली. तेव्हा या धंद्यातलं कौशल्य मला ओळखता येतं.

आधी दारिद्र्यरेषा. ती एकदा आखली की पुन्हा तिच्या वाटेला जायचं नाही. १९६३ साली तिथल्या सोशल सिक्युरिटी खात्यात मोली ओरशान्स्की नावाच्या बाई होत्या. त्यांनी हिशेब मांडला की कुटुंबाच्या कमाईतला साधारण तिसरा हिस्सा जेवणावर जातो, तर काटकसरीच्या जेवणाच्या खर्चाला तीनने गुणा, झाली रेषा. बाईंचं काही चुकलं नाही, त्या काळाला ते धरून होतं. खरं कौतुक पुढच्यांचं. घरभाडं कुठच्या कुठे गेलं, औषधं गेली, पाळणाघर नावाचा नवा राक्षस जन्माला आला (नातवाच्या पाळणाघराची पावती पाहून मी चष्मा पुसून परत घातला होता), पण मूळ गुणाकार साठ वर्षं तोच. महागाई निर्देशांक लावून आकडा तेवढा वर सरकवतात. त्यावरून निघालेला २०२५ सालचा आकडा चार माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ३२,१५० डॉलर. त्याच्यावर एक डॉलर मिळाला की तुम्ही गरीब नाही, अभिनंदन. आणि निकाल बघा: १९७३ साली गरीब ११.१ टक्के, २०२३ साली गरीब ११.१ टक्के. मधे वर-खाली झालं, पण पन्नास वर्षांनी दशांश चिन्हापुढचा एकसुद्धा जागचा हलला नाही. आमच्या शाखेत पन्नास दिवसांच्या नोंदी जुळत नसत.

मग मजुरी. केंद्राचं किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर, म्हणजे नेमकं ७.२५. ते २४ जुलै २००९ ला लागू झालं आणि तिथेच बसलं. हा कायदा १९३८ चा. इतकी वर्षं न वाढवता काढायचा विक्रम आत्ताच्यांनीच केला. बऱ्याच राज्यांनी आपापलं जास्त ठरवलंय, तो फितुरीचा भाग सोडा. जिथे नाही ठरवलं, तिथे वर्षभर आठवड्याला ४० तास राबलात की १५,०८० डॉलर होतात. हे वेतन ज्यांनी वाढवायचं, त्या काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सभासदांचाही पगार २००९ पासून वाढलेला नाही, हे न्यायाने सांगितलं पाहिजे. तो वर्षाला १,७४,००० डॉलरवर अडलाय. समदुःखी मंडळी.

हॉटेलातल्या वाढप्यांना तर मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी केंद्राच्या कायद्याला चालतं, आणि हा आकडा १९९१ चा. उरलेलं तुम्ही टिपेत द्यायचं, कमी पडलं तर मालकाने भरून द्यायचं, असा नियम. भरून देतो की नाही ते वाढप्याने बघायचं. जावई बिलावर २० टक्के लिहितो तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, किती उदार पोरगा! नंतर कळलं, तो हॉटेलमालकाचं पगारपत्रक भरत होता.

आता एक धोक्याची सूचना. गरिबी चुकून कमी होऊ शकते. २०२१ मध्ये अमेरिकेत हा अपघात झाला. करोनाच्या गडबडीत सरकारने मुलांमागे मिळणारी करसवलत वाढवली आणि जुलै ते डिसेंबर दर महिन्याला सरळ आईबापांच्या खात्यात पैसे टाकले: सहा वर्षांखालच्या मुलामागे ३०० डॉलर, मोठ्यामागे २५०. ज्यांना कर भरण्याइतकी कमाई नाही, त्यांनाही. दाखला नाही, रांग नाही, साहेबांची सही नाही. मदतीचे पैसे धरून गरिबी मोजायची दुसरी एक पट्टी त्यांच्याकडे आहे. तिच्यावर मुलांमधली गरिबी वर्षभरात ९.७ टक्क्यांवरून ५.२ वर उतरली. अर्धी, मंडळी! म्हणजे इतकी वर्षं जे कोडं म्हणून जपलं होतं, ते पोस्टाच्या मनीऑर्डरीने सुटलं.

नशीब, वेळेत लोक सावध झाले. सिनेटमध्ये ५०-५० अशी बरोबरी. त्यात सत्ताधारी पक्षाचेच सिनेटर जो मॅन्चिन डिसेंबरात मुदतवाढीला नाही म्हणाले आणि योजना तिथेच थांबली. त्यांचं वेस्ट व्हर्जिनिया हे देशातल्या सगळ्यात गरीब राज्यांपैकी एक, म्हणजे माणूस अनुभवाचा. २०२२ मध्ये आकडा १२.४ वर. गाडी रुळावर आली. कुठे मोर्चा नाही, कुठे बंद नाही. आपल्याकडे एखाद्या योजनेचा एक हप्ता चुकला तर बायका तहसीलवर येऊन बसतात, तेव्हा ही गोष्ट आपल्याला अवघड जाणार. त्यासाठी तिथली एक युक्ती उपयोगी पडेल. भाषणात ‘गरीब’ म्हणायचंच नाही, दोन्ही पक्षांनी ‘मध्यमवर्ग’ म्हणायचं. दोन-दोन नोकऱ्या करून थकलेला माणूसही मग स्वतःला मध्यमवर्गीय समजतो आणि योजना बंद झाली ती दुसऱ्या कुणाची, असं धरून झोपतो.

पण माझं मन खरं जिंकलं ते आर्कान्सा राज्याने. मेडिकेड म्हणजे गरिबांचा सरकारी आरोग्य विमा. २०१८ मध्ये या राज्याने नियम काढला की विमा हवा असेल तर महिन्याला ८० तास काम केल्याची नोंद द्या, आणि ती ऑनलाइनच द्या. गरिबाकडे इंटरनेट नसतं, ही पहिली पायरी. ती आम्हालाही ठाऊक आहे. पण पुढचं ऐका. ते पोर्टल रात्री ९ ते सकाळी ७ बंद! दिवसभर राबून माणूस रात्री नोंद भरायला बसला, तर संगणकाची ड्युटी संपलेली. आमच्याकडे सर्व्हर डाऊन असतो तो नाइलाजाने, शिव्या खात. यांनी तो वेळापत्रक लावून डाऊन केला. मी आयुष्यभर ‘साहेब मीटिंगला गेलेत’ यावर भागवत आलो, मला हे सुचलं नाही याची खंत वाटते. काही महिन्यांत १८,००० हून अधिक लोकांचा विमा गेला. २०१९ च्या मार्चमध्ये एका न्यायाधीशाने थांबवलं म्हणून, नाहीतर आकडा आणखी देखणा झाला असता. अभ्यासकांनी मागाहून तपासलं तर रोजगार काही वाढलेला नव्हता. बहुतेक जण आधीच काम करत होते किंवा नियमातून सूट मिळण्याजोगे होते. त्यांना फक्त ते सिद्ध करता आलं नाही. म्हणूनच ही कल्पना वाया न घालवता २०२५ च्या जुलैत कायदा करून देशपातळीवर नेली आहे. ८० तासच. जुनं ते सोनं.

फ्लोरिडात बेकारभत्त्याच्या पोर्टलचंही तेच. त्याच्यात मुद्दाम अडथळे घातलेत, लोकांनी कंटाळून नाद सोडावा म्हणून, असं खुद्द तिथले गव्हर्नर डिसँटिस २०२० मध्ये बोलून गेले. पोर्टल आधीच्या गव्हर्नरच्या काळातलं असल्याने बोलायला हरकत नव्हती.

आणि गरिबांसाठी आलेला पैसा उरलाच तर? मिसिसिपी राज्याला हा प्रश्न पडला होता. तिथे गरीब कुटुंबांच्या निधीतले सुमारे ५० लाख डॉलर एका विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल स्टेडियमकडे वळले. व्हॉलीबॉल हा सांघिक खेळ आहे.

शाळेत शिस्त ठेवा. कित्येक गावांत पोरांच्या शाळेतल्या जेवणाच्या खात्यावर उधारी चढते आणि घरी चिठ्ठी जाते. काही ठिकाणी उधारीवाल्या पोराच्या हातात गरम ताटाऐवजी गार सँडविच देत, म्हणजे वर्गालाही हिशेब कळे. कॅलिफोर्निया, मेनसारख्या काही राज्यांनी सरसकट फुकट जेवण देऊन ही सोय बिघडवली. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तर खिचडी मिळायला पोराचं खातंच लागत नाही. आपण कधी सुधारणार?

श्रीमंतांच्या तक्रारीकडेही दुर्लक्ष करायला शिका. वॉरेन बफे यांनी २०११ मध्ये लिहिलं की मी १७.४ टक्के कर भरला आणि माझ्या हापिसातल्या बाकीच्या २० जणांचं प्रमाण ३३ ते ४१ टक्के. माझ्यासारख्यांचा कर वाढवा. बिचाऱ्याच्या अर्जावर अजून शेरा नाही.

शेवटचं काम नजरेचं, ते ज्याचं त्याने करायचं. नेवार्क पेन स्टेशनवर बाकांवर, भिंतीकडेला माणसं पडलेली असतात. पहिल्या दिवशी मी थबकलो. लेक हळूच म्हणाली, “बाबा, डोळ्यांत बघू नका. चालत राहा.” आठवड्यात जमलं. ओरेगनमध्ये ग्रँट्स पास नावाचं गाव आहे. तिथे उघड्यावर पांघरूण घेऊन झोपलं तर २९५ डॉलर दंड होता. ज्याच्याकडे भाड्याला पैसे नाहीत त्याला दंड, आमच्या वसुली शाखेला हे पटलं नसतं. पण २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी म्हटलं, चालतं. मन खायला लागलं तर नोव्हेंबरची वाट बघा. थँक्सगिव्हिंगच्या सणाला सोसायटीत गरिबांसाठी दानाचा खोका ठेवतात. त्यात कपाटामागचा छोल्यांचा डबा टाका, तारीख उलटायच्या आत. मी टाकला. फार हलकं वाटलं.

एवढी सवय लागली की परतीच्या प्रवासात जपा. मुंबईत उतरताना विमान पत्र्याच्या छपरांवरून इतकं खाली येतं की निळ्या ताडपत्र्या मोजता येतात, आणि सहा महिन्यांची मेहनत तिथे जाते. मी मधल्या रांगेतली सीट मागून घेतली होती. तुम्हीही तिकीट काढतानाच सांगा.