फेअर प्लॅन घेतला की सगळं कव्हर? नाही हो!

कॅलिफोर्नियात डोंगरात घर असलेल्या आपल्या लोकांत सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं की वणव्याच्या भागात आता कुठलीच कंपनी घराचा विमा देत नाही, तेव्हा सरकारचा फेअर प्लॅन (बाहेर कुठे विमा मिळत नाही त्यांच्यासाठीचा शेवटचा पर्याय) घ्या, त्यात सगळं येतं, गाडीला इन्शुरन्स असतोच त्यामुळे तिची काळजी नको, आणि अगदी आग जवळ आलीच तर तेव्हा कव्हर वाढवता येतं. मला तो तिघांनी पाठवला. आमची स्वतःचीच पॉलिसी मागच्या वर्षी रिन्यू झाली नाही, त्यामुळे हा विषय नको इतका पाठ झालाय.

"कुठलीच कंपनी देत नाही" हे अर्धवट खरं. स्टेट फार्म या मोठ्या विमा कंपनीने मे २०२३ मध्ये घरांचे नवीन अर्ज घेणं थांबवलं, मार्च २०२४ मध्ये साधारण ७२,००० पॉलिसी रिन्यू करणार नाही म्हणून जाहीर केलं, ते सगळं झालंय. पण म्हणून सगळी दारं बंद झाली असं नाही, छप्पर कसलंय, घराला लागून पाच फुटांत काय पडलंय यावरसुद्धा उत्तर बदलतं. रिन्यू करणार नसतील तर ७५ दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ते दिवस रडण्यात घालवू नका, एजंटांना फोन लावा (आम्ही पहिले तीन आठवडे फुकट घालवले). आणि गव्हर्नरने आणीबाणी जाहीर केली तर आगीच्या हद्दीतल्या आणि तिला लागून असलेल्या झिप कोडमध्ये घराची पॉलिसी वणव्याच्या कारणाने एक वर्ष बंद करता येत नाही, हा २०१८ चा कायदा आहे, मेसेजमध्ये त्याचा पत्ताच नाही.

आता फेअर प्लॅन. सगळ्यात मोठा घोळ इथेच आहे.

एक तर तो सरकारी नाही. १९६८ साली कायद्याने सुरू झाला एवढंच, चालवतात विमा कंपन्याच मिळून, टॅक्सचा पैसा त्यात नाही. जानेवारी २०२५ च्या लॉस एंजेलिसच्या आगींनंतर तिजोरी आटली तेव्हा सदस्य कंपन्यांकडून १ अब्ज डॉलर गोळा करावे लागले, आणि त्यातला निम्म्यापर्यंत बोजा कंपन्या परवानगी घेऊन आपल्या ग्राहकांवर टाकू शकतात, म्हणजे ज्याचा फेअर प्लॅनशी काही संबंध नाही त्याच्याही बिलात तो येऊ शकतो.

दुसरं, "सगळं येतं". मी ते कागद जेवणाच्या टेबलावर पसरून पेन घेऊन बसले होते. आग, वीज पडणं, घरातल्या घरात झालेला स्फोट, धूर. मूळ यादी जवळपास इथेच संपते! चोरी नाही. थंडीत पाईप गोठून फुटला आणि घरभर पाणी झालं तर नाही. पाहुणा पायऱ्यांवरून घसरला आणि केस केली तर तेही नाही. या राहिलेल्या गोष्टींसाठी डिफरन्स इन कंडिशन्स नावाची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते, म्हणजे दोन बिलं, दोन डिडक्टिबल (क्लेममध्ये आधी आपल्या खिशातून जाणारी रक्कम), आणि क्लेम करायची वेळ आली की आधी हे ठरवा की कुणाच्या दारात जायचं. फेअर प्लॅन वाईट आहे असं मी म्हणत नाही, आमच्याकडेही तोच आहे, पण एकट्यावर भागत नाही.

"आग आल्यावर वाढवू" याला एका ओळीत उत्तर: जवळपास वणवा पेटला की कंपन्या त्या भागात नवीन पॉलिसी आणि वाढीव कव्हर दोन्ही थांबवतात.

गाडीचं म्हणाल तर कायद्याने सक्ती आहे ती लायबिलिटीची (आपल्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान), आणि तिच्यात तुमची स्वतःची जळलेली गाडी येत नाही, कोलिजनमध्येही (धडकेचं कव्हर) येत नाही. त्याला कॉम्प्रिहेन्सिव्ह (आग, चोरी असं धडकेशिवायचं नुकसान भरणारं कव्हर) लागतं. आणि लोक नेमकं तेच काढतात, लोन फिटलं, गाडी जुनी झाली, कशाला भरायचं म्हणून. २०१८ च्या कॅम्प फायर नावाच्या वणव्यात पॅराडाइज या गावातून निघताना लोक ट्रॅफिकमध्ये अडकले, काहींना गाड्या रस्त्यात सोडून पळावं लागलं, ८५ माणसं गेली त्या आगीत. तेव्हा गाडी गॅरेजमध्येच जळेल असं धरून चालू नका.

अजून एक, जे मलाही उशिरा कळलं. घर सोडताना गाडीत भरलेला लॅपटॉप, कॅमेरा, दागिने हे साधारणपणे ऑटो पॉलिसीत येत नाहीत, ते घराच्या पॉलिसीत सामान म्हणून येतात. आता मोटेलच्या पार्किंगमध्ये काच फोडून ते कुणी नेलं आणि तुमच्याकडे नुसता फेअर प्लॅन असेल, तर वर बघा, चोरी त्यात नाहीच.