जुना पार्ट आणलाव का?

आज सायंकाळी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात जे पाहिले, त्याने मन इतके अस्वस्थ झाले आहे की जेवण झाल्यावरही ते शांत होईना, म्हणून लिहायला बसलो आहे. लांबेल, पण ज्यांच्या घरासमोर एखादी जुनी मोटारसायकल उभी आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावे.

माझी गाडी कालपासून मिस्त्रींकडे उघडून पडली आहे. तिची चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चाके, बदलायची आहेत, म्हणून मी चेन किट आणायला गेलो होतो. माझ्या आधी पंचवीस-सव्वीस वर्षांचा एक तरुण काउंटरपाशी उभा होता. त्याच्या गाडीचा क्लच घसरत होता. इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, असे तो सांगत होता. दुकानाच्या मालकांना आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांनी साठी केव्हाच ओलांडली आहे. त्यांनी त्याला गाडीचे साल विचारले, शेवटचे ऑइल केव्हा आणि कोणते टाकले ते विचारले, मग स्वतः पायरी उतरून बाहेर आले, क्लचचा लिव्हर दोन बोटांनी दाबून केबलला प्ले, म्हणजे थोडी ढील, आहे की नाही ते पाहिले, नट थोडा फिरवला आणि त्याला गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी मारून यायला सांगितले. घसरणे थांबले नाही, तेव्हा ते पुन्हा आत गेले, तेलकट झालेल्या कॅटलॉगमध्ये नंबर शोधला, शिडीवर चढून माळ्यावरून पेटी काढली आणि क्लच प्लेटांचा सेट त्याच्यापुढे ठेवला. 'प्लेटा बदलताना स्प्रिंगाही बघून घे, बसल्या असतील तर नव्या प्लेटाही घसरतील,' हेही सांगितले. या सगळ्याला वीस मिनिटे तरी लागली असतील.

त्या मुलाने पेटीवरच्या पार्ट नंबरचा फोटो काढला, मोबाइलवर काही वेळ बोटे फिरवली आणि म्हणाला, 'काका, ऑनलाइन सव्वाशे रुपयांनी कमी आहे, तिथूनच मागवतो. तुम्ही लोक फार मार्जिन लावता.' एवढे बोलून तो गेला.

काका काहीच बोलले नाहीत. त्यांनी पेटी बंद केली, बाहीने तिच्यावरची धूळ पुसली आणि शिडीवर चढून ती होती तिथे परत ठेवली. माझ्या तोंडावर पुष्कळ आले होते, पण तोपर्यंत तो मुलगा गल्लीच्या बाहेर पडला होता, आणि शेजारच्या यंत्रमागांच्या खटखटाटात माझी हाक त्याला ऐकूही गेली नसती. म्हणून त्याला जे सांगायचे होते ते इथे सांगतो.

मीसुद्धा एकदा असेच पैसे वाचवले होते. ऐंशी रुपये.

माझ्याकडे वडिलांची १९९९ सालची हिरो होंडा स्प्लेंडर आहे. गिरणी बंद पडल्यावर हाती आलेल्या पैशांतून त्यांनी ती घेतली होती. तीन वर्षांपूर्वी तिचे मागचे ब्रेक शू संपले. याच दुकानात किंमत विचारली तर दोनशे साठ रुपये होती, आणि मोबाइलवर तोच पार्ट, म्हणजे चित्रात अगदी तसाच दिसणारा पार्ट, एकशे ऐंशीला होता. मी मागवला. चौथ्या दिवशी घरपोच आला. चकचकीत पाकीट होते, त्यावर 'ओरिजिनल' असेही छापलेले होते. मिस्त्रींनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि 'कुठून आणला?' एवढेच विचारले. मी सांगितल्यावर ते गप्प बसले आणि त्यांनी तो बसवून दिला. ती शांतता मला तेव्हा कळायला हवी होती.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी, आईला घेऊन तुळजापूरला गेलो. आई पूर्वी कोजागिरीला सोलापूरहून पायी जाणाऱ्यांबरोबर चालत जात असे. गुडघे दुखू लागल्यापासून ती माझ्या मागे बसून येते. दर्शन झाले आणि परत येताना घाट उतरत होतो. पुढे उसाचा एक ट्रॅक्टर होता, म्हणून ब्रेकवर पाय ठेवला. मागून कर्रर्र असा आवाज आला, पायडल पायाखाली एकदम कडक झाले आणि मागचे चाक क्षणभर अडकून गाडी बाजूला सरकली. आईने माझा खांदा इतका घट्ट धरला की रात्री तिथे वळ दिसत होता. तिच्या मांडीवरची पिशवी सुटली, आणि नारळ रस्त्यावरून गडगडत पुढे गेलेला मला अजून दिसतो. गाडी कशीबशी कडेला थांबली. मागून कोणतेही मोठे वाहन येत नव्हते, ही देवीची कृपा.

घाटाच्या पायथ्याशी एका गॅरेजमध्ये चाक उघडले. ड्रम ब्रेकची रचना साधी असते. आत अर्धचंद्राच्या आकाराचे दोन शू असतात, त्यांच्या पाठीवर लायनर, म्हणजे घर्षणाचा पट्टा, चिकटवलेले असते, आणि पायडल दाबले की मधला कॅम फिरून दोन्ही शू ड्रमच्या आतल्या भिंतीला घासतात. सगळा भरवसा त्या लायनरवर आणि ते ज्याने चिकटवलेले असते त्यावर. माझ्या एका शूचे लायनर अख्खे सुटून शू आणि ड्रम यांच्या मधे अडकले होते. तिथल्या मिस्त्रींनी ते चिमटीत धरून बाहेर काढले, भाकरीचा पापुद्रा निघावा तसे.

हे लिहीत असताना दोन शू माझ्यापुढे टेबलावर आहेत. एक तो, एकशे ऐंशी रुपयांतला. त्याच्या पाठीवर पिवळट डिंकाचा गुळगुळीत थर आहे आणि लायनरचा एक कणही त्यावर राहिलेला नाही. दुसरा त्याच्या आधीचा, वडिलांच्या हातचा, काकांच्याच दुकानातून घेतलेला. त्याचे लायनर झिजून कागदासारखे पातळ झाले आहे, पण नखाने खरवडले तरी ते शू सोडत नाही. हा झिजून संपला, तो तीन आठवड्यांत सुटला. 'ओरिजिनल' हा शब्द मात्र त्याच्याच पाकिटावर होता.

मी तक्रार केली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, तो जुलै २०२० मध्ये लागू झाला, आणि त्याच महिन्यात ऑनलाइन विक्रीसाठी वेगळे नियम आले. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यावी आणि महिनाभरात तिचे निवारण करावे, विक्रेत्याचे नाव-पत्ता ग्राहकाला दिसावा, असे त्यांत स्पष्ट लिहिलेले आहे. पोच मला मिळाली, तीही काही मिनिटांत. त्यानंतर 'परत करण्याची मुदत संपली आहे' हे एकच वाक्य मला चार वेगवेगळ्या नावांनी चार वेळा पाठवण्यात आले. विक्रेत्याचा पत्ता दुसऱ्या राज्यातला होता आणि फोन कोणी उचलत नव्हते. पुढे ग्राहक आयोगाकडे जाता आले असते, हे मला ठाऊक आहे. एकशे ऐंशी रुपयांच्या पार्टसाठी रजा टाकून कोण जातो, हे त्या विक्रेत्यालाही ठाऊक आहे.

याच्या जागी काकांकडचा माल असता तर? मी तो शू घेऊन दुकानात गेलो असतो आणि काउंटरवर ठेवला असता. काकांना माझ्या तोंडाकडे बघावे लागले असते. बाकीचे गिऱ्हाईक तिथे उभे असते. त्या दुकानात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच वेळी चालू असते, आणि एका भाषेत झालेला बोभाटा संध्याकाळपर्यंत चारही भाषांत पोचतो. काकांच्या मालाची खरी हमी ती आहे. ती कोणत्याही पाकिटावर छापता येत नाही.

आणि ते वीस मिनिटांचे ज्ञान? 'स्प्लेंडर' हे एकच नाव १९९४ पासून चालत आलेले आहे. पुढे त्यात प्लस आली, सुपर आली, प्रो आली, हिरो आणि होंडा वेगळे झाले, २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक जोडणारी रचना किंवा एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी रचना, सक्तीची झाली, २०२० च्या एप्रिलपासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष आले आणि कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. नाव तेच राहिले, पण आतली गाडी बदलत गेली. मोबाइलवर नाव टाकले की चित्रांची रांग लागते. त्यातले कोणते माझ्या गाडीचे, हे चित्र सांगत नाही. काका साल विचारतात, आणि तरीही जुना पार्ट हातात घेऊन नव्याला टेकवून पाहिल्याशिवाय देत नाहीत, कारण गेल्या पंचवीस वर्षांत माझ्या गाडीत कोणत्या मिस्त्रीने काय बसवले हे कॅटलॉगलाही ठाऊक नसते. त्या मुलाने सव्वाशे रुपये वाचवले, पण नंबर कोणाकडून नेला? त्याचा क्लच केबलमुळे घसरत नाही हे त्याला कोणी दाखवले? स्प्रिंगांचे कोणी सांगितले? यातल्या कशाचेही पैसे त्याने दिले नाहीत, आणि वर मार्जिनचा आरोप करून गेला.

दुकानांतही डुप्लिकेट माल विकला जातो, हे मला मान्य आहे. 'कंपनीचाच आहे' असे छातीवर हात ठेवून सांगणारे आणि कंपनीच्या जुन्या पेटीत भलताच माल घालून देणारे दुकानदार याच शहरात आहेत. पक्के बिल मागितले की ज्यांची कपाळे आक्रसतात तेही आहेत. काकाही न मागता बिल देत नाहीत, हे त्यांच्या बाजूने लिहीत असलो तरी लिहिले पाहिजे, आणि मी त्यांना ते तोंडावर सांगितलेले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये दुचाकीच्या पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तो फरक गिऱ्हाइकाच्या हाती पडला की वाटेत जिरला, हे बिल नसेल तर कळणार कसे?

आमच्या एका मित्राकडे यामाहाची आरएक्स १०० आहे. ती गाडी १९९६ मध्ये बंद झाली. तिचे कित्येक पार्ट त्याला सोलापुरात मिळाले नाहीत, ते त्याने दूरच्या शहरांतून ऑनलाइनच मागवले आणि गाडी उभी केली. जे इथे मिळतच नाही ते बाहेरून आणण्याला माझा आक्षेप नाही.

हे लिहिता लिहिता त्या मुलाचा चेहरा पुन्हा आठवतो आहे. त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर घरोघरी जेवण पोचवणाऱ्यांची चौकोनी पेटी बांधलेली होती, हे मी रागाच्या भरात वर लिहिलेच नाही. या उन्हात दिवसभर तो क्लच दाबत हिंडत असणार. गाडी बंद म्हणजे त्याचा रोज बंद. त्याला सव्वाशे रुपये म्हणजे काय असतात हे मी घरात बसून ठरवू नये. त्याच्यावर जितका राग आला होता तितका आता राहिलेला नाही. फक्त त्याने ते मार्जिनचे वाक्य बोलायला नको होते, आणि पार्ट येईपर्यंतचे चार दिवस घसरत्या क्लचवर गाडी चालवायला नको, एवढे वाटते.

राग आहे तो आपल्यावर, म्हणजे माझ्यासारख्या पगारदार माणसांवर. आपल्याला ऐंशी रुपये जड नव्हते. एका वेळच्या नाश्त्याला आपण त्याहून जास्त देतो. आपण दुकानात जाऊन सल्ला घेतो, पार्ट हाताळतो, नंबर टिपतो आणि घरी येऊन मोबाइलवर मागवतो, आणि पार्ट चुकीचा निघाला की पुन्हा त्याच दुकानात जाऊन 'काका, जरा बघता का, बसत नाही' असे विचारतो. मी हे केलेले आहे. घाटातल्या त्या मंगळवारनंतर नवे शू घ्यायला मी काकांकडेच गेलो. सुटलेले लायनर त्यांच्यापुढे ठेवले. काय झाले ते सांगितले. त्यांनी ते हातात घेतले, उन्हाकडे धरून पाहिले, आणि विचारले, 'मागं कोण बसलं होतं?' आई, म्हणालो. पुढे ते काहीच बोलले नाहीत. नवे शू काढून दिले आणि 'ड्रमवर चरे पडलेत का बघायला सांगा मिस्त्रीला' एवढे सांगितले. 'माझ्याकडून घेतले असते तर' हे वाक्य त्यांच्या तोंडून आले असते तर मला थोडे हलके वाटले असते.

आज तो मुलगा गेल्यावर, पेटी माळ्यावर ठेवून खाली उतरलेल्या काकांनी माझ्याकडे वळून नेहमीचाच प्रश्न विचारला: 'जुना पार्ट आणलाव का, सर?' मी आणला नव्हता. किट समोर फळीवर दिसत होते आणि माझ्या खिशात पैसे होते. नुकतेच एक गिऱ्हाईक हातचे गेले होते. तरी त्यांनी दिले नाही. 'दात मोजल्याशिवाय नको. आधी कुणी कमी-जास्त दातांचं बसवलं असलं तर तुम्हालाच दोनदा खर्च. उद्या घेऊन या.'

येताना मिस्त्रींकडे गेलो आणि जुनी चेन व दोन्ही स्प्रॉकेट वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणले. मागच्या स्प्रॉकेटचे दात झिजून एका बाजूला वाकले आहेत, ते मीही दोनदा मोजून पाहिले. आईने कागदावर पसरलेला ग्रीसचा डाग पाहून पिशवीखाली जुने गोणपाट टाकले आहे. दुकान सकाळी दहाला उघडते.